वृत्तीचे दोन अर्थ : खोडदच्या निमित्ताने

फेब्रुवारीच्या अखेरीस नारायणगावाहून पूर्वेला खोडदकडे जाणारा रस्ता शाळांच्या गाड्यांनी भरून जातो. दुतर्फा कांदा, ऊस, मधूनच द्राक्षाचे मांडव. आणि त्या हिरव्या पट्ट्यावर एखाद्या वळणाशी अचानक दिसणारी पांढरी, जाळीदार, पंचेचाळीस मीटर व्यासाची प्रचंड तबकडी. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे आवार सर्वांसाठी खुले होते, शाळाशाळांतून मुले आपापली उपकरणे घेऊन येतात आणि मांडवात प्रदर्शन भरते. अशाच एका प्रदर्शनात आम्ही हिंडत होतो. आम्ही साहित्याची माणसे. विज्ञानाच्या मांडवात आमचे काम पाहुण्याचे. जवळच्याच एका गावातील, नववी-दहावीतली असावी अशी एक मुलगी माहिती सांगणाऱ्या तरुण संशोधकाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "सर, हे करायला काय व्हावं लागतं?" त्याने पदव्यांची नावे सांगितली. तिने ती वहीत लिहून घेतली आणि मग जरा थांबून विचारले, "पण आपल्याला हे जमेल का, ते कसं कळतं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी होते. दुसऱ्याचे नव्हते, आणि त्याने ते प्रांजळपणे कबूल केले. परतीच्या वाटेवर आमच्या मनात तोच प्रश्न घोळत राहिला. आपल्याला काय जमेल आणि काय रुचेल, हे माणसाला कसे कळते? हा प्रश्न मुळात विचारता येतो, हेच आपल्या समाजात केव्हापासून शक्य झाले? प्रस्तुत लेख हा या दुसऱ्या, ऐतिहासिक प्रश्नाचा मागोवा आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठीत 'वृत्ती' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ मनाचा कल, स्वभाव, प्रकृती. दुसरा अर्थ उपजीविकेचे साधन, तेही बहुधा वंशपरंपरेने आलेले. जोशीपणाची वृत्ती, कुळकर्णाची वृत्ती असे शब्दप्रयोग जुन्या कागदपत्रांत जागोजाग भेटतात. वृत्तीची वाटणी होत असे, तिच्यावरून तंटे होत, ती गहाणही पडे. एकाच शब्दात स्वभाव आणि पोट यांचा असा संगम झालेला पाहून कोणाला वाटेल की आपल्या पूर्वजांनी या दोहोंचा मेळ घातला होता. वस्तुस्थिती वेगळी आहे. मेळ घातला नव्हता. एकाने दुसऱ्याची जागा घेतली होती. पोटाची वृत्ती जन्माने ठरली की मनाची वृत्ती वेगळी विचारायचे कारणच उरत नसे.

खोडदपासून जुन्नर दूर नाही. जुन्नरच्या परिसरातील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे जे शिलालेख आहेत, त्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचेही उल्लेख आहेत. या लेखांत व्यवसाय हीच ओळख आहे. त्या श्रेणीतील एखाद्याला बांबू सोलण्याचा कंटाळा होता की काय, हे शिलालेख सांगत नाहीत आणि ती अपेक्षाही गैर. पुढे गावगाड्यात ही ओळख जातीत पक्की झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदार-अलुतेदारांची जी तपशीलवार व्यवस्था वर्णिली आहे, तीत प्रत्येक हाताला काम नेमून दिलेले आहे, खळ्यावरचा वाटा नेमून दिलेला आहे. नेमणाऱ्याने हाताच्या मालकाला मात्र काही विचारलेले नाही.

या व्यवस्थेत आत्मपरीक्षण नव्हते असे नव्हे. संतांनी केले ते आत्मपरीक्षणच. परंतु ते 'मी कसा आहे' याचे होते, 'मी कोणते काम करू' याचे नव्हते. आपापले काम न सोडता त्यातच देव पाहावा ही त्यांची शिकवण. कामाला प्रतिष्ठा देणारी ही शिकवण मोलाची होती, पण काम बदलण्याची वाट तीतून निघत नव्हती.

वाट निघाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही आधी परीक्षेच्या रूपाने. सरकारी नोकरीसाठी परीक्षा द्यावी लागू लागली, तेव्हा माणसाच्या लायकीचा विचार जन्माव्यतिरिक्त दुसऱ्या मापाने होऊ लागला. हे माप किती आंधळे असू शकते याचा एक दाखला धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात आहे. १८७५ मध्ये कोकणातल्या मुरुडहून घाट चढून, पायी मजल दरमजल करीत ते परीक्षेसाठी साताऱ्याला पोचले. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पुरी असावी लागत. समितीला हा किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना, आणि त्याला परत पाठवण्यात आले. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले, १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. ज्याच्या कामाने महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला वळण मिळाले, त्याला साताऱ्याच्या समितीने केवळ अंगलट पाहून मोजले होते.

त्याच मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचे उदाहरण आणखी वेगळे. पेशाने ते शाळामास्तर. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून गावोगावच्या शाळांत नोकरी केलेले. नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिर्गणिताचा जो अभ्यास केला, त्यातून १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ सिद्ध झाला, जो आजही या विषयाच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. दीक्षितांची पोटाची वृत्ती एक होती आणि मनाची वृत्ती दुसरी. या दोहोंना त्यांनी एका दिवसाच्या चोवीस तासांत नांदवले. मराठीतील किती तरी मोठे काम असेच नोकरीच्या उरलेल्या वेळेत झाले आहे. त्याचा अभिमान बाळगताना या 'उरलेल्या वेळे'ची किंमत कोणी चुकवली, हेही विचारले पाहिजे.

नोकरीची वाट नाकारून दुसरी निवडणारे त्याच पिढीत होते. एम.ए.च्या सुमारास गोपाळ गणेश आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने धरू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहिताला देणार आहोत, असा त्याचा आशय. हे पत्र त्यागाचा दस्तऐवज म्हणून वाचण्याची आपली रीत आहे. आम्हांस ते हिशेबाचा दस्तऐवज म्हणूनही वाचावेसे वाटते. आपल्याला काय हवे, काय नको, त्याची किंमत काय आणि ती आपल्याबरोबर आणखी कोणाला मोजावी लागणार, याचा तो चोख ताळेबंद आहे. आणि तो जिला सर्वांत महाग पडणार तिलाच सादर केलेला आहे.

असाच पण याहून धीट ताळेबंद एका मुलीने मांडला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी आपल्या अमेरिकाप्रवासाविषयी जाहीर भाषण केले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे व्हायचे होते. लोक आपल्याला जे विचारतात त्याचे सहा प्रश्न करून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जायचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीनेच का जायचे? परत आल्यावर बहिष्कार पडणार नाही काय? काही संकट ओढवले तर काय करणार? आणि स्त्रीजातीतील कोणीही जे केले नाही ते आपणच का करायचे? १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. त्यांच्या करुण अंतामुळे या भाषणाकडे आपले दुर्लक्ष होते. व्यवसाय निवडण्यापूर्वी स्वतःला विचारायच्या प्रश्नांची इतकी नेटकी यादी त्या काळच्या आपल्या वाङ्मयात दुसरी आमच्या पाहण्यात नाही. विशेष असे की 'मला काय आवडते' हा प्रश्न त्या यादीत नाही. साधन, साथ, समाज, संकट, आणि पूर्वी कोणी न केलेले करण्याचा अधिकार, यांविषयीचे प्रश्न आहेत. ज्यांना निवडीचा हक्कच नव्हता त्यांना आवडीपाशी थांबता येत नव्हते.

आवडीपर्यंत ज्यांना पोचताही येत नव्हते त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. शेतकऱ्यांच्या मुलांना गुरे राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला घरी राहावे लागते, म्हणून ती शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांनी आयोगाला सांगितले आणि प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली. ज्याने शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही त्याचा कल कोणी आणि कशाने मोजायचा? फुल्यांच्या निवेदनात हा प्रश्न या शब्दांत नाही, पण त्याचा पाया तोच आहे.

कल मोजण्याचे शास्त्र यानंतर आले. १९०८ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. त्याच वर्षी ते वारले आणि १९०९ मध्ये त्यांचे पुस्तक मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्यांची त्रिसूत्री सोपी होती : स्वतःला नीट ओळखा, कामांच्या नाना क्षेत्रांची माहिती करून घ्या आणि या दोहोंचा विवेकाने मेळ घाला. पार्सन्स येणाऱ्या तरुणाला लांबलचक प्रश्नावली देत आणि ती घरी बसून, निवांतपणे, प्रामाणिकपणे भरायला सांगत. पुढे मानसशास्त्रीय चाचण्यांचे युग आले आणि पहिल्या सूत्राचा विस्तार इतका झाला की उरलेली दोन मागे पडली.

महाराष्ट्रात या विचाराला मोठी चालना मिळाली ती पुण्यात. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धिमापन व अभिक्षमता-मापन यांची परंपरा तेथे रुजली. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे, हे तिच्यातून कळावे अशी योजना होती. ज्या राज्यात एके काळी कुळाने काम ठरत होते, तेथे खेड्यातल्या मुलालाही 'तुला काय आवडते' असे सरकारने विचारावे, हे स्थित्यंतर लहान नव्हे. त्या चाचणीची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही एक अडचण उरतेच. चाचणी आवड मोजते ती पाहिलेल्या गोष्टींची. जे मुलाने कधी पाहिलेच नाही त्याची आवड प्रश्नावलीत कशी उमटावी? 'कल' या शब्दातच याचे सूचन आहे. दिवस कलतो, मापाचा काटा कलतो. कलण्यासाठी दुसरी बाजू लागते, तिच्यावर काही वजन असावे लागते. एकाच पारड्याचा तराजू कुठे कलणार?

या चाचण्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत दुसरी एक चाचणी होती आणि ती अद्याप संपलेली नाही. ती म्हणजे कुंडली. मुलगा कोण होणार हे पाहण्यासाठी दशमस्थान बघणारी घरे आजही शहरांत आणि खेड्यांत सापडतात. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात २००८ च्या सुमारास या दाव्याची संख्याशास्त्रीय परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून त्यांच्या पत्रिका ज्योतिषांकडे देण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. अचूक उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तर ते पन्नासच्या आसपास आले असते. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आकाशाच्या नावाने चाललेल्या भाकिताची अशी निःपक्षपाती तपासणी करावी, याला एक औचित्य होते.

नारळीकरांना (१९३८–२०२५) स्वतःचा कल कसा सापडला? बनारसला वडील गणिताचे प्राध्यापक, घरात फळा लावलेला, आणि शिकायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी गणिती कोडी लिहून ठेवीत. उत्तर सापडेपर्यंत ते कोडे पुसले जात नसे. या आठवणी त्यांनी स्वतः सांगितल्या आहेत. त्या घरात कोणी कलचाचणी घेतली नाही. रोज नवे कोडे मात्र समोर येत राहिले. त्यातून मुलाला आपली शक्ती कळली. परंतु असा फळा आणि असा मामा ज्याच्या घरी नाही, त्याने काय करायचे?

येथे आम्ही पुन्हा खोडदला येतो, कारण खोडदच्या दुर्बिणीमागे ज्या माणसाची प्रेरणा आहे, त्याची कथा या प्रश्नाला उत्तराच्या जवळ नेणारी आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) मूळचे उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वाराचे. १९५० मध्ये अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली लागले. तेथे त्यांचे काम वेगळ्याच विषयावर चालले होते. १९५२ मध्ये कृष्णन ऑस्ट्रेलियातील एका परिषदेहून रेडिओ खगोलशास्त्राने भारून परतले, आणि पुढच्याच वर्षी कोलंबो योजनेखाली तरुण स्वरूप सिडनीला पोचले. तेथील प्रमुख जोसेफ पॉसी यांनी त्यांना एकाच कामाला जुंपले नाही. पहिल्या वर्षी चार वेगवेगळ्या संशोधकांच्या गटांत तीन-तीन महिने काम करायला लावले, आणि मग आपला विषय स्वतः निवडा असे सांगितले.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणी कलचाचणी हीच. तीत प्रश्नावली नाही. चार ठिकाणी हात काळे करायचे आहेत, चार वेगळ्या रीतींची माणसे पाहायची आहेत आणि मग स्वतःला विचारायचे आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा उगम १९३० च्या दशकातला. १९५० मध्ये भारतातल्या कोणत्याही चाचणीत ते क्षेत्र पर्याय म्हणून असणे शक्य नव्हते. जो कल स्वरूप यांच्या आयुष्याला पुरला तो आधी त्यांच्यात दडून बसलेला होता आणि मग सापडला, असे म्हणण्यापेक्षा तो काम करता करता घडला असे म्हणणे अधिक खरे.

पुढे ते अमेरिकेत गेले, १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथे पीएच.डी. झाले आणि तेथेच अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी आणि परदेशातील आणखी तीन भारतीय संशोधकांनी, मेनन, कुंडू आणि कृष्णन यांनी, भारतातील संस्थांना पत्र लिहिले : आम्ही एकत्र परत येऊन काम करू इच्छितो, तुम्हांला हवे आहे का? होमी भाभांनी होकार दिला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. हाताशी काय होते? सिडनीत निकालात निघालेल्या आणि भारताला भेट मिळालेल्या बत्तीस लहान तबकड्या. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभी राहिली. मग १९७० मध्ये उटी. तेथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण अशा डोंगरउतारावर बसवली की उताराचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा, सुमारे अकरा अंश. त्यामुळे तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातील वस्तूचा तासन्‌तास पाठलाग करता येऊ लागला. विषुववृत्ताजवळ असणे हे श्रीमंत देशांतील दुर्बिणींच्या वाट्याला न आलेले भांडवल होते, आणि ते ओळखणे हेही एक आत्मपरीक्षणच.

त्यानंतर एक मोठे अपयशही आहे. विषुववृत्तावर, केनियात किंवा इंडोनेशियात, अनेक देशांनी मिळून एक प्रचंड दुर्बीण उभारावी ही स्वरूप यांची योजना प्रत्यक्षात आली नाही. १९८४ च्या सुमारास ती बाजूला ठेवून त्यांनी नवा विचार मांडला, आणि त्यातून खोडदची दुर्बीण जन्मली. तीस तबकड्या, चौदा मध्यवर्ती चौकात आणि सोळा तीन फाट्यांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. लहान तरंगलांबीसाठी गुळगुळीत, जड, महाग पृष्ठभाग लागतो. मीटर तरंगलांबीला जाळी पुरते. म्हणून पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी. वारा तिच्यातून निघून जातो, वजन घटते, खर्च घटतो. सर्वांत मोठी, सर्वांत सूक्ष्म अशी स्पर्धा न करता आपल्या साधनांना आणि परिस्थितीला साजेशी तरंगलांबीच निवडायची, हा तो निर्णय. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बिणीचे राष्ट्रार्पण झाले. पुढे तिची क्षमता वाढवण्यात आली, आणि २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगापुढे आला त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

येथवरची कथा प्रेरक आहे आणि अशा कथा मांडवात मुलांना सांगितल्याही जातात. तिची दुसरी बाजू मात्र सांगितली जात नाही. खोडदच का? येथे मनुष्यनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता, भोवती डोंगरांचा आडोसा होता, अक्षांश सोयीचा होता आणि पुणे हाकेच्या अंतरावर होते. गोंगाट कमी होता याचा साध्या मराठीत अर्थ असा की कारखाने नव्हते. दुर्बिणीसाठी जी शांतता हे भांडवल ठरले, तीच येथल्या तरुणाच्या दृष्टीने रोजगाराची उणीव होती. आणि दुर्बीण आल्यावर ती शांतता टिकवण्यासाठी परिसरातील उद्योगांवर निर्बंधही आले. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणील की काय, यावरून अलीकडे जो वाद झाला त्याच्या मुळाशी हाच ताण आहे. आम्ही दुर्बिणीच्या बाजूचे आहोत. एकदा गोंगाटात बुडालेले आकाश परत मिळत नाही. पण ज्या मुलीने मांडवात प्रश्न विचारला तिच्या गावाने या शांततेची किंमत दिली आहे, हे तिच्या ताळेबंदात कुठे तरी जमेच्या बाजूला दिसायला हवे.

आणि या परिसराची आणखी एक ओळख आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) येथल्याच. वडील भाऊ बापूंच्या फडात त्या वाढल्या. फड ही घराण्याची वृत्ती. ती त्यांनी निवडली नव्हती. गर्भार असताना बोर्डावर उभ्या राहिलेल्या, प्रयोग अर्ध्यात ठेवून बाळंत झालेल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आलेल्या विठाबाईंची हकिकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. त्यांच्या ठिकाणी वृत्तीचे दोन्ही अर्थ एक झाले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले, हे आठवले की तो मोह आवरता घ्यावा लागतो. दुर्बिणीच्या राष्ट्रार्पणानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच, जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. एकाच टापूत, एकाच हंगामात एक व्यवसाय जगाच्या आकाशात डोकावला आणि दुसऱ्याचा मोठा आवाज थांबला. त्यांच्यात प्रतिभेची उणीव कधीच नव्हती. त्यांना दुसरे पारडे कोणी दाखवले नाही, आणि जे पारडे होते त्याचे मोलही समाजाने वेळेवर दिले नाही.

या इतिहासातून आम्हांला जे उमगले ते थोडक्यात असे. व्यवसायाची निवड आत्मपरीक्षणाने करावी हा विचार योग्यच आहे, पण ते परीक्षण बंद खोलीत, एका बैठकीत, आवडीनिवडीच्या खुणा करून संपत नाही. आनंदीबाईंनी साधन आणि समाज यांचे प्रश्न विचारले, आगरकरांनी किंमत विचारली, दीक्षितांनी नोकरीच्या सावलीत दुसरे काम करून पाहिले, स्वरूपांनी चार गटांत तीन-तीन महिने घालवले आणि फसलेली योजना सोडून दिली. यांपैकी कोणीही आधी स्वतःला पूर्ण ओळखून मग कामाला लागलेला नाही. काम आणि ओळख बरोबरीनेच वाढली.

यातून शिक्षकांवर एक जबाबदारी येते, आणि साहित्याच्या शिक्षकांवर जरा अधिक. आपल्या वर्गात येणारे किती तरी विद्यार्थी 'दुसरे काही मिळाले नाही' म्हणून मराठी घेतात, आणि आपण त्यांना कलाचा अभाव असे म्हणून मोकळे होतो. त्यांना आपण चार गटांत तीन-तीन महिने फिरवले आहे काय? हस्तलिखित वाचायला, बोलीचे ध्वनिमुद्रण करायला, भाषांतर तपासायला, राहुटीत बसून फडाच्या वहीतली वगनाट्ये उतरवून घ्यायला नेले आहे काय? आत्मचरित्रे आपण शैली आणि समाजचित्रण यांसाठी शिकवतो. एका माणसाने आपल्या शक्तीचा, परिस्थितीचा आणि निर्णयांचा मांडलेला हिशेब म्हणून ती वाचली, तर ज्यांना स्वतःचा हिशेब अद्याप मांडता येत नाही अशा विद्यार्थ्यांना तीच उत्तम प्रश्नावली ठरतील.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही सुचलेच नाही. ती मैत्रिणींबरोबर पुढच्या मांडवात गेली, तिथे एका शाळेच्या मुलांनी छत्रीच्या काड्यांना तारेची जाळी लावून लहानशी तबकडी केली होती. मुलांनी तिला ती हातात धरायला दिली आणि कशी वळवायची ते दाखवले. ती बराच वेळ ती इकडून तिकडे फिरवून पाहत होती. पुन्हा भेटली तर आम्ही तिला एवढेच सांगू, की जमेल की नाही हे कळायची सुरुवात बहुधा अशीच होते. आणि ती सुरुवात तिच्या वाट्याला वर्षातून एकदाच न येता वरचेवर यावी, हे पाहणे तिचे काम नाही, आपले आहे.